फॅमिली ग्रुपवर खुशाली कळते, बोलणं होत नाही

येरळाकाठ (धागाकर्ता)

आमच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावाची बातमी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. सांगली जिल्ह्यातलं, उसाच्या पट्ट्यातलं, साधारण तीन हजार वस्तीचं गाव. कोरोनात शाळा बंद पडल्या, अभ्यास मोबाइलवर आला आणि शाळा पुन्हा भरल्या तरी पोरांच्या हातातला मोबाइल काही सुटेना. तेव्हा २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, ग्रामपंचायतीने आधी बायकांची बैठक बोलावली. सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला आणि ठरलं की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल. तो वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत बंदच. आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त गुरुजी घरोघर जाऊन समजावून सांगत होते.

बाहेर याची चर्चा झाली ती मुलांच्या अभ्यासावरून. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. भोंगा सगळ्या घरासाठी होता. आमच्याकडे बऱ्याच घरांत अभ्यासाला वेगळी खोली नसते. एकाच सोप्यात आजीची मालिका, बापाचा मोबाइल आणि पोराचं पुस्तक. त्यामुळे बंद करायचं तर सगळ्यांनाच बंद करावं लागलं, आणि बायकांच्या बैठकीत मालिकांचाही विषय निघाला. म्हणजे मोठ्यांनी सुरुवात स्वतःपासून केली.

आता माझ्या घरचं सांगतो. मी आई-दादांजवळ गावी राहतो. धाकटा भाऊ पुण्याला, ताई इचलकरंजीला, चुलतभाऊ दुबईला. गेल्या पावसाळ्यात दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेला त्यांचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. काळजी घ्या, लवकर बरे व्हा, फुलांचे गुच्छ, सगळं आलं. दादांकडे बटणांचा साधा फोन आहे. तो त्यांनी उशाशी घेतला होता. दुपार कलली तसं मला विचारलं, "पुण्याचा फोन आला का रं?"

मी म्हटलं, "दादा, ग्रुपवर सगळ्यांनी विचारलंय."

"मला न्हाय कुनी इचारलं."

भावा-बहिणीला दादांची काळजी नाही असं मी अजिबात म्हणणार नाही. ऑपरेशनचे पैसे भावाने न मागता पाठवले. पण ग्रुपवर लिहिलं की विचारपूस झाली, असं सगळ्यांच्याच मनाला वाटायला लागलंय. आपण माणसाविषयी विचारतो, माणसाला विचारत नाही. आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, तो स्वतःच्याच खुशालीच्या गप्पांतून बाहेर राहतो.

तुमच्या घरी काय चाललंय ते वाचायला आवडेल. 'मोबाइल वाईट, पूर्वी सगळं छान' एवढंच लिहू नका ही विनंती. नेमकं काय बदललं, बोलणं कुठे अडतं आणि कोणी काय करून बघितलं, ते लिहा.


सांजवात_नाशिक

दादांचं वाक्य काळजाला लागलं.

माझ्याकडे दोन ग्रुप आहेत, सासरचा आणि माहेरचा. सासरच्या ग्रुपवर सकाळी साडेसहाला सासूबाई श्लोक टाकतात. त्यावर कोणी काय उत्तर दिलं, कोणी नाही, हे त्या बघतात. व्हॉट्सअ‍ॅपने २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये त्या दोन निळ्या खुणा आणल्या. एकट्यादुकट्याशी बोलताना त्या बंद करून ठेवता येतात, ग्रुपमध्ये येत नाहीत. मेसेज दाबून धरला की कोणी कधी वाचला त्याची यादीच समोर येते. आमच्याकडे ती यादी बघितली जाते. "धाकटीने सात वाजून पाच मिनिटांनी वाचलंय, पण नमस्कारसुद्धा नाही." त्या वेळी धाकटी डबे भरत असते.

पूर्वीही सासू-सुनांत मानपान होता, रुसवे-फुगवे होते. पण ते समोरासमोर असल्यामुळे चहाच्या कपाबरोबर मिटायचेही. आता सासूबाई रुसल्या आहेत हे मला जाऊबाईंकडून कळतं, त्यांना ते नणंदेकडून कळलेलं असतं, आणि ज्यांचं बिनसलंय त्या दोघी एकाच घरात, एकाच ओट्याशी उभ्या असतात. दोघींच्या हातात फोन.

मी धाकट्या जावेला एवढंच सुचवलं की श्लोक आला की ग्रुपवर काही लिहू नकोस, डबे झाले की आत जाऊन सांग, "आई, आजचा श्लोक वाचला, याचा अर्थ काय हो?" तिने तसं केलं. सासूबाईंनी पाठचे दोन श्लोकही समजावून सांगितले. यादी बघायचं पूर्ण थांबलंय असं नाही, पण तो विषय जेवणात निघत नाही आता.


मेलबर्नकर

मी जरा वेगळं मत मांडते, राग मानू नका.

आमचं लग्न होऊन इकडे येणं झालं त्या काळात घरी फोन करायचा म्हणजे कॉलिंग कार्ड घ्यायचं, नंबर खरवडायचा आणि मिनिटांकडे डोळे लावून बोलायचं. बोलणं काय व्हायचं? "बरे आहात ना? आम्ही बरे आहोत. ठेवते." आईचा चेहरा वर्ष-दोन वर्षांनी दिसायचा. आज माझी मुलगी साताऱ्याच्या आजीला स्वयंपाक करताना बघते. आजी भाकरी थापता थापता तिला काहीबाही सांगत असते. तिचं मराठी शाळेने टिकवलेलं नाही, आजीच्या व्हॉइस मेसेजनी टिकवलंय. एकेक मेसेज ती दोन-तीनदा ऐकते, मग स्वतःचा रेकॉर्ड करते, आवडला नाही तर पुसून पुन्हा करते. हे माध्यम नसतं तर त्या दोघींचं नातं वाढदिवसाच्या फोनापुरतं राहिलं असतं.

दुसरी गोष्ट इथल्या कायद्याची. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, फेसबुक, यूट्यूब अशा ठिकाणी खातं ठेवता येत नाही. दंड मुलांना किंवा आईवडिलांना नाही, कंपन्यांना आहे, तोही ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत. पण व्हॉट्सअ‍ॅपसारखी निरोपाची साधनं यातून वगळली आहेत. मला हा फरक फार योग्य वाटतो. अनोळखी लोकांचे व्हिडिओ तासन् तास सरकवणं आणि आजीशी बोलणं, दोन्ही एकाच फोनवर होतं म्हणून दोन्हींना एकच नाव देऊन झोडपू नये.


येरळाकाठ

मेलबर्नकर, राग कशाचा! तुमच्या आईंच्या आणि लेकीच्या गोष्टीत नेमकं तेच आहे जे आमच्या ग्रुपवर नाही. एक माणूस दुसऱ्या एका माणसाशी बोलतोय. तिसरं कोणी बघत नाहीये. माझी तक्रार फोनवर नाही, सगळं बोलणं चावडीवर जाऊन बसलंय त्यावर आहे.


गुरुजी_पुसद

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. वडगावचा विषय निघालाच आहे तर आमच्या यवतमाळ जिल्ह्याचंही सांगतो. पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाच्या ग्रामसभेने त्याच वर्षी, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, १८ वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरायचा नाही असा ठराव केला होता. गावाची कळकळ खरी होती, मी त्या लोकांना नावं ठेवणार नाही. पण वडगाव आणि बान्सी यांत मला मूलभूत फरक दिसतो. एका ठरावात सगळं गाव दीड तास थांबतं, दुसऱ्यात फक्त मुलं थांबतात.

वर्गात रोज दिसतं ते लिहितो. सातवी-आठवीतलं पोर घरी खोटं बोलायला लागतं त्याचं कारण पुष्कळदा मोबाइलच असतो, पण मोबाइलमधलं काही वाईट बघितलं म्हणून नव्हे. घरात एकच फोन. तो दिवसभर बापाकडे. बाप शेतातून आला की आडवा पडून व्हिडिओ बघतो. पोराने मागितला की "अभ्यास कर" म्हणून ओरडतो. पोराला त्यातला अन्याय लगेच कळतो. मग बाप झोपल्यावर फोन उचलायचा, सकाळी विचारलं की नाही म्हणायचं. इथून पुढे ते पोर बापाला दुसरंही काही सांगत नाही. शाळेत कोणी मारलं, गणितात नापास झालो, पोटात दुखतं, काहीच नाही. मला सांगतं, कारण मी वर्गात फोन काढत नाही.

पालकसभेत मी हे सांगितलं तेव्हा एक बाप उठून म्हणाला, "गुरुजी, दिवसभर राबतो, तेवढीच करमणूक हाय." त्याचं म्हणणं खोटं नाही. त्याला फोन टाकून दे म्हणण्याचा मला अधिकार नाही. मी त्याला विचारलं, पोरगं जवळ घेऊन तोच व्हिडिओ बघता येईल का? कुस्तीचे बघत होता तो. पोराला डाव समजावून सांगायला लागला. पोरगं आता शाळेत येऊन धोबीपछाड कसा लागतो ते मला सांगतं.


मुठेकाठी

ज्यावर कोणी बोलत नाही ते मी बोलतो. फॉरवर्ड आणि राजकारण.

आमच्या मोठ्या काकांनी ग्रुपवर एक मजकूर टाकला. तो खोटा होता. माझ्या पुतण्याने दहा मिनिटांत त्याचा खोटेपणा दाखवणारी बातमी खाली चिकटवली. मुलाचं बरोबर होतं, भाषाही नीट होती. पण सगळ्या खानदानासमोर काकांना नातवाच्या वयाच्या पोराने खोटं पाडलं. काकांनी ग्रुप सोडला. मग दोन्ही बाजूंचे लोक उतरले. पुतण्याच्या मुंजीत ज्यांनी त्याला मांडीवर घेतलं होतं, ते त्याच्या साखरपुड्याला आले नाहीत.

फॉरवर्ड खोटा असेल तर गप्प बसा असं मी म्हणणार नाही. २०१८ च्या जुलैत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. अफवा मोबाइलवरून पसरली होती. देशात अशा आणखीही घटना घडल्या आणि त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तेव्हा खोटं पसरतंय हे दिसत असूनही घर सांभाळायला म्हणून गप्प बसणं मला मान्य नाही.

पण ते कुठे सांगायचं? आजोबा-काकांना चारचौघांत चूक दाखवण्याची आपल्याकडे रीत नव्हती, आणि ती रीत नुसत्या भिडेची नव्हती. एकट्यात सांगितलं की माणसाला मागे यायला वाट राहते. ग्रुपवर सांगितलं की तो मुद्दा सोडतो आणि अब्रू वाचवायला लागतो. मी आता फोन उचलतो. "काका, ते तुम्ही टाकलंय ना, त्यात घोळ आहे, बघा बरं." बहुतेक वेळा काका स्वतःच काढून टाकतात.


आक्का_कोल्हापूर

माझं वय झालंय, टायपिंग हळू होतं, चुकलं तर सांभाळून घ्या.

ह्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा-सून दोघं नोकरीला. सकाळी नऊला घर रिकामं होतं ते संध्याकाळी सातला भरतं. मधल्या वेळात मला हा मोबाइलच आहे. भजनाच्या मंडळाचा ग्रुप आहे, शाळेतल्या मैत्रिणींचा आहे. पन्नास वर्षांनी माझी वर्गमैत्रीण मला फेसबुकवर सापडली. ती बेळगावला असते. आम्ही दोघी रोज दुपारी बोलतो. कोणी म्हणालं की म्हाताऱ्यांच्या हातातून मोबाइल काढा, तर मला सांगावंसं वाटतं की बाबांनो, आधी आमच्याजवळ येऊन बसा आणि मग काढा.

पण धागा काढणाऱ्या लेकराचंही पटतंय. दिवसभर मी वाट बघते ती सातची. दार उघडतं. सून दमून येते, तिच्या कानात ते बारीक यंत्र असतं, ती हसते, हात करते आणि आत जाते. ती वाईट नाही. फार गुणाची आहे, माझं सगळं औषधपाणी तीच बघते. पण मी दिवसभर तोंडात साठवलेलं सांगायला जाते तेव्हा तिच्या ऑफिसच्या ग्रुपवर काहीतरी चालू असतं. ती "हं" म्हणते. तो हं ऐकला की मी पुढचं गिळते. मग मी माझा मोबाइल घेते. मग ती स्वयंपाकाला लागल्यावर माझ्याशी बोलायला बघते तर मी मोबाइलमध्ये. असं आमचं दोघींचं चुकामूक होत राहतं.

वडगावच्या भोंग्यासारखं आमच्या घरात कोण वाजवणार? मी वाजवायला गेले तर सासू हुकूम सोडते असं होईल.


समुपदेशक_ठाणे

आक्का, तुम्ही जे लिहिलंत ते माझ्याकडे येणारी कुटुंबं तासाभराच्या बोलण्यानंतर सांगतात.

तो 'हं' का लागतो याचा एक जुना, गाजलेला प्रयोग आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात तो केला. आई तान्ह्या बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग काही मिनिटं ती बाळासमोरच बसून राहते, पण चेहरा निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून बघतं, बोट दाखवतं, आवाज काढतं, आईला परत आणण्यासाठी जे जे येतं ते सगळं करतं. काही उपयोग होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं आणि रडायला लागतं. आई समोर आहे, तरी नाही. तेव्हा स्मार्टफोन नव्हते. पण स्क्रीनकडे बघणाऱ्या माणसाचा चेहरा आठवून बघा. ज्याच्याशी बोलायला आलो तो समोर आहे आणि चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. मोठी माणसं रडत नाहीत, आक्कांसारखी पुढचं गिळतात.

आणखी एक सांगते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २०१४ पासून मोबाइल-इंटरनेटच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक चालतं. अशा ठिकाणी मुलाला 'दुरुस्त' करायला आणणारे पालक पुष्कळ असतात. माझाही अनुभव असा की एकट्या मुलाला दुरुस्त करून काही हाती लागत नाही. फोन काढून घेतल्यावर रिकामा झालेला वेळ घरातल्या कोणीतरी भरावा लागतो. तो भरायला कोणी नसेल तर मूल दुसरा पडदा शोधतं.

आक्का, हुकूम नको, मागणं करा. सुनेला सांगा, "तू आलीस की चहाची दहा मिनिटं मला दे, मग तुझं काम कर." आणि त्या दहा मिनिटांत तुमचाही मोबाइल आत ठेवा. पण आल्या आल्या नको. दमलेल्या माणसाला आधी तोंड धुऊ द्या.


सांजवात_नाशिक

समुपदेशकताईंना अनुमोदन. एकच जोडते. घरच्या बाईला 'सातला मोबाइल बंद' सांगणं सोपं असतं, पण तिच्या मोबाइलवरच मुलांच्या शाळेचा ग्रुप, सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा ग्रुप, गॅसची पावती, कामवाल्या मावशींची सुट्टी हे सगळं येतं. पुरुषांना बरेचदा वाटतं बायको मोबाइलमध्ये रमलीय. ती घर चालवत असते. बंदचा नियम करायचा तर आधी त्यातलं निम्मं काम वाटून घ्या.


येरळाकाठ

हे अगदी खरं. वडगावात बायकांना आधी विश्वासात घेतलं, तेही याचसाठी महत्त्वाचं असणार.

आमच्याकडे काय केलं ते सांगतो. भावाशी बोललो, ग्रुपवर नाही, फोनवर. त्याला दादांचं ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. आता दादांच्या तब्येतीचं मी ग्रुपवर काही टाकत नाही. ताई, भाऊ कोणी विचारलं की लिहितो, "दादांच्या नंबरवर फोन कर, तेच सांगतील." पहिले काही दिवस दादा दोन वाक्यांत फोन ठेवायचे, जुनी सवय, फोनला पैसे पडतात ही. आता उसाच्या लागणीपासून सोसायटीच्या निवडणुकीपर्यंत सगळं सांगतात. परवा ताईशी बोलताना त्यांनी सांगितलं की डाव्या डोळ्यालाही अंधुक दिसतंय. मी त्यांच्याबरोबर एकाच घरात राहतो, मला हे बोलले नव्हते.


नवी_मुंबईकर

आमच्या इमारतीत वीस-बावीस घरं मिळून वडगावसारखं करायचं ठरवतोय, रात्री आठ ते नऊ. पण शाळेचा गृहपाठ नेमका आठच्या सुमारास ग्रुपवर येतो. त्यामुळे मुलं "बघावाच लागतो" म्हणून फोन घेतात आणि मग तो परत येत नाही. कोणी यावर काही केलंय का?


गुरुजी_पुसद

केलंय. शाळेला लेखी पत्र द्या, पाच-सहा पालकांच्या सह्या घेऊन. गृहपाठ वर्गातच फळ्यावर लिहून वहीत उतरवून घ्यावा, ग्रुपवर टाकायचाच तर संध्याकाळी सहाच्या आत टाकावा. आमच्या शाळेत पालकांनी असं पत्र दिलं तेव्हा मुख्याध्यापकांनी लगेच मान्य केलं, कारण शिक्षकांनाही रात्री ग्रुप नकोच असतो. आणि इमारतीत सुरुवात करताना मुलांना सांगण्याआधी मोठ्यांची बैठक घ्या. ऑफिसचे फोन रात्री येतातच असं म्हणणारे काही जण निघतील. त्यांना जिन्यात जाऊन बोलायला सांगा, पण सोफ्यावर बसून नको.


आक्का_कोल्हापूर

सुनेला चहाचं विचारलं. ती म्हणाली, "आई, दहा मिनिटं कशाला, पोळ्या लाटताना तुम्ही ओट्यापाशी खुर्ची घेऊन बसा ना." कालपासून बसते आहे. बेळगावच्या मैत्रिणीचं सगळं तिला सांगून झालं. आज तिने तिच्या ऑफिसातलं सांगितलं, बढतीचं काहीतरी अडलंय. मुलाला अजून माहीत नाही म्हणाली.